फुलपाड्याहून सुटणारी गाडी

आमच्या डोक्यावर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, शिगवणकाका राहतात. दुपारचं जेवण झालं की ते खाकी शर्ट अंगात घालतात, खिशावर जुना बिल्ला लावतात, आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीतल्या टेबलापर्यंत चालत येतात आणि ड्यूटीवर हजर होतात. टेबलावर एक जुना गेमिंग लॅपटॉप आहे. आधी ते त्याला नमस्कार करतात. मग टेबलाभोवती एक फेरी मारून लॅपटॉपच्या चारी कोपऱ्यांवर बोटाच्या पेरांनी ठोकून पाहतात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी विचारलं, "काका, हे काय?"

"टायर," काका म्हणाले.

आयुष्यभर त्यांनी सरकारी लाल गाडी चालवली. विरारहून कोकणात आणि कोकणातून विरारला. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जायला लागतात, मधुमेहावर बोलायला लागतात. काका डेपोतून बाहेर पडले, पण डेपो त्यांच्यातून बाहेर पडला नाही. आमच्या विरारच्या फुलपाड्यातल्या बिल्डिंगचा वॉचमन त्यांच्या लेखी गेटकीपर. सोसायटीचे अध्यक्ष डेपो मॅनेजर. मी मेकॅनिक. आणि एक वाक्य दिवसातून एकदा तरी ठरलेलं: "गाडी कोणासाठी थांबत नाय."

हे ते नुसतं बोलत नाहीत. सोसायटीची सहल केळव्याला गेली होती. भाड्याची बस, ड्रायव्हर वेगळा. पण काका त्याच्या शेजारी बसलेले. वाटेत आमचे अध्यक्ष पाण्याची बाटली घ्यायला उतरले आणि दुकानदाराशी बोलत राहिले. काकांनी ड्रायव्हरच्या मांडीवर थाप मारली आणि गाडी सुटली. अध्यक्ष बाटली छातीशी धरून मागून पळत येताहेत, बाया ओरडताहेत, आणि काका समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत म्हणताहेत, "पॅसेंजरने वेळ पाळावी." पुढच्या नाक्यापर्यंत अध्यक्ष रिक्षाने आले. अजून ते काकांशी कामापुरतंच बोलतात.

आता लॅपटॉपबद्दल. तो मूळचा आमच्या मुलाचा, अथर्वचा. तो पुण्याला शिकायला गेला, तिथे त्याने नवीन घेतला आणि जुना माळ्यावर गेला. त्याआधी कधीतरी आमच्या घरी सत्यनारायण होता. तीर्थप्रसादाला आलेले काका अथर्वच्या खुर्चीमागे थबकले. पोरगा बस चालवायचा कसलासा गेम खेळत होता. काका प्रसादाचा द्रोण हातात धरून बघत राहिले. शेवटी न राहवून म्हणाले, "अरे, वळणावर गिअर तरी उतरव. माणसं आहेत मागे." तेव्हापासून ते अधूनमधून त्या गाडीची चौकशी करत. म्हणून मी तो लॅपटॉप त्यांना देऊन टाकला.

देताना एवढंच म्हणालो, "थोडा गरम होतो." तो थोडा नाही, चांगलाच गरम व्हायचा. मी मूळचाच स्वतःला अपराधी समजणारा माणूस आहे. रिक्षावाल्याकडे सुटे नसले तरी मला माझीच चूक वाटते. त्यामुळे तो लॅपटॉप वर गेल्यावर मला स्वस्थ झोप लागेना, आणि त्याच्या दुरुस्तीची जबाबदारी आपोआप माझ्या गळ्यात पडली. मी अंधेरीच्या एका कंपनीत हिशेब बघतो. ऑफिसात प्रिंटर अडला की लोक माझ्याकडे येतात, एवढाच माझा या शास्त्रातला अधिकार.

काकांना तो शहरातल्या शहरात फिरणारा गेम नको होता. त्यांना कोकणचा रस्ता हवा होता. अथर्वने फोनवर शोधून सांगितलं की कुणा हौशी पोरांनी पनवेलपासून पुढचा कोकणचा रस्ता करून इंटरनेटवर ठेवलाय. तो आम्ही टाकला. काका खूष झाले, पण त्यांची गाडी फुलपाड्याहून सुटायची, पनवेलहून नव्हे. मग मधला रस्ता ते तोंडाने चालवू लागले. लॅपटॉपचं बटण दाबायचं, हात कीबोर्डवर ठेवायचे आणि काळ्या पडद्याकडे बघत म्हणायचं, "नालासोपारा... वसई फाटा... घोडबंदर... चला, ठाणेवाले पुढे या..." लॅपटॉप सुरू व्हायला इतका वेळ लागायचा की पडदा उजळेपर्यंत काका खरोखरच कळंबोलीला पोचलेले असायचे.

पायाखाली त्यांनी दोन लाकडी पाट ठेवले होते. एक क्लच, एक ब्रेक.

"काका, हे कशालाच जोडलेले नाहीत."

"पायाला म्हायती आहे," काका म्हणाले.

लॅपटॉपच्या झाकणावर, वरच्या कडेला, दाढीचा गोल आरसा तारेने बांधलेला होता. मी दुरुस्तीच्या आधी तो सोडवायला गेलो तर काका एकदम कडाडले, "आरशाला हात नाय लावायचा!"

"अहो, गेममध्ये आरसे आहेत की."

"ते मागच्या गाड्यांसाठी. हा पॅसेंजरसाठी."

"पॅसेंजर कुठे आहेत?"

"तू मेकॅनिक. पॅसेंजरची चौकशी कंडक्टर करतो."

घरात आणखी माणूस म्हणजे शेवंतीकाकू. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. एक बाजू गेली, तोंड थोडं वाकडं झालं. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. झटका आला तेव्हा त्यांना चौघांनी खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली नेलं, तसंच परत आणलं. प्रत्येक मजल्यावर दारं उघडी, प्रत्येक दारात माणसं. काकू वर आल्या आणि त्यांनी सांगून टाकलं, "आता मेल्यावरच उतरवा." त्यानंतर त्या खाली आल्या नाहीत. वाकडं तोंड लोकांना दिसू नये म्हणून आतल्या खोलीच्या दारावर पडदा असे. आम्हाला काकू म्हणजे त्या पडद्यामागचा आवाज. एकदा मी म्हणालो, "काका, रिक्षा करून त्यांना राजोडीला समुद्रावर नेऊ या का?" काका म्हणाले, "समुद्र आहे रे राजोडीला. तीन जिने इथे आहेत."

एकदा माझ्या बायकोने पडद्याकडे तोंड करून विचारलं होतं, "काकू, तुमची मजा होती हो. नवऱ्याच्याच गाडीने माहेरी!"

आतून हसू ऐकू आलं. "कसलं गो! एकदा पण नाय बसवलं. ह्यांची गाडी पुढे जायची, मी आपली मागच्या गाडीने."

काका चहा ओतत होते. न बघता म्हणाले, "घरचं माणूस गाडीत असलं की आरशात तेच दिसतं. मागची गाडी दिसत नाय. चाळीस जणांचा जीव असतो."

बायको घरी येऊन म्हणाली, काय कडक माणूस आहे. मलाही तसंच वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्याहून वाईट वाटलं. अध्यक्ष सगळ्यांना सांगत फिरत, "बायको आत पडलेली आणि हा बाहेर गाडी गाडी खेळतो." मी त्यांना कधी अडवलं नाही. मान हलवली असेल बहुतेक. मान माझी पटकन हलते.

तर असा हा लॅपटॉप कशेडीच्या घाटात बंद पडायचा. पनवेल, पेण, माणगाव, महाड सगळं ठीक. पोलादपूर सुटलं, झाडी दाट झाली, वळणं सुरू झाली की लॅपटॉपचा पंखा किंचाळू लागायचा आणि चौथ्या-पाचव्या वळणावर पडदा काळा. मी ऑफिसातून आलो की काका खाली येऊन आमच्या दाराची कडी वाजवायचे. "मेकॅनिक, गाडी घाटात उभी आहे."

"काका, तिथे आता बोगदा झालाय. बोगद्याने जा, लवकर पार होईल."

"बोगद्यातून काय दिसतं?"

"मग असं करा, गाडी बंद पडते तिथूनच पुन्हा सुरू करा. गेममध्ये तशी सोय आहे."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या संस्कारांची शंका आली. "तिकीट फुलपाड्याहून काढलेलं असताना मी पॅसेंजर घाटात भरू?"

श्रावण संपत आला तशी त्यांची घाई वाढली. "चतुर्थीच्या आत गाडी घाटापलीकडे गेली पाहिजे." का, ते सांगेनात. दर दोन दिवसांनी कडी. "चतुर्थी जवळ आली, मेकॅनिक."

मी सोपा उपाय केला. गेममधल्या चित्रांचा दर्जा अगदी खाली आणून ठेवला. मशीनवरचा ताण कमी, उष्णता कमी, काम फत्ते. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येतो तर काका जिन्यात उभे.

"बंद पडली?"

"गाडी चालते. जंगल चोरीला गेलंय."

वर जाऊन पाहिलं. खरंच, रस्ता होता आणि दोन्ही बाजूंना हिरवा रंग फासलेली सपाट जमीन. झाडं नाहीत, कौलं नाहीत, नदीत पाणी नाही.

"काका, त्याशिवाय मशीन थंड राहणार नाही. गाडी चालणं महत्त्वाचं की झाडं?"

"चालवून मग दाखवायचं काय? डांबर?"

दाखवायचं कुणाला, हे विचारायला हवं होतं. मला तेव्हा फक्त राग आला होता. मी झाडं परत आणून दिली आणि म्हणालो की आता मशीन उघडूनच बघावं लागेल.

रविवारी सकाळी त्यांच्या बाहेरच्या खोलीत जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं. स्क्रू ठेवायला काकांनी आमटीची वाटी दिली. ते टॉर्च धरून उभे राहिले. मागचं झाकण निघालं आणि मी पाहतच राहिलो. पंख्याच्या पात्यांवर धूळ असणार हे माहीत होतं. विरारची धूळ लोखंडात शिरते. पण ही धूळ लाल होती. उदबत्तीची राख, तेलकटपणा आणि त्यात कालवलेलं कुंकू. हवा बाहेर पडायची जाळी या लाल लगद्याने गच्च लिंपलेली.

"काका, मशीनला कुंकू?"

"गाडी सुटायच्या आधी लागतंच. रोज."

"पण ते आत जातंय. त्यानेच तर गरम होतंय सगळं."

काकांनी टॉर्च जाळीवर धरला. मग हळू म्हणाले, "हात थरथरतो. थोडं सांडतं."

टॉर्च त्यांच्या हातात भिंतीला ठोकल्यासारखा स्थिर होता. माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं.

"कुंकू बंद करा मग," मी म्हणालो.

"ते नाय बंद होणार," काका म्हणाले. "तू गाळणी बसव."

शेवटी मी मच्छरदाणीचा तुकडा कापून जाळीवर बसवला. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट वाळून चुन्यासारखी झाली होती. ती खरवडून नवी लावली. "ग्रीस भरपूर लाव," काका म्हणाले. मी म्हणालो, तांदळाच्या दाण्याएवढंच लावायचं असतं. "आमच्या डेपोत पण असंच मोजून द्यायचे," ते नाराजीने म्हणाले.

त्याने निम्मं काम झालं. पंखा शांत झाला, पण घाटात चित्र अडखळू लागलं. मग आम्ही दोघं नालासोपाऱ्याच्या एका दुकानात गेलो, लॅपटॉप पिशवीत घालून. दुकानदाराने झाकणावर काकांनी घातलेला हार आणि तारेने बांधलेला आरसा बघून मान हलवली. "अंकल, अभी इसको छोड़ दो. नया ले लो."

"नवीन गाडीला घाट म्हायती नसतो," काका त्याला मराठीतच म्हणाले.

मी जास्तीची रॅम घेतली. काकांना समजावलं की याने मशीन एका वेळी जास्त गोष्टी पेलू शकतं. "म्हणजे सीटा वाढवल्या," ते म्हणाले. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. तिचा उपयोग सांगायच्या आधीच त्यांनी विचारलं, "आणि हे?" मी म्हणालो, "याने मशीन झटक्यात सुरू होईल." मला वाटलं खूष होतील.

दुसऱ्या दिवशी कडी वाजली. "मेकॅनिक, नालासोपारा यायच्या आत पनवेल आलं. मधले पॅसेंजर मी कुठे भरू?"

त्यावर उपाय त्यांनीच काढला. आता ते आधी कळंबोलीपर्यंत तोंडाने जातात आणि मग बटण दाबतात.

चतुर्थी दोन दिवसांवर आली. आमची बिल्डिंग रिकामी होऊ लागली. जिन्यात पिशव्या, ताडपत्रीत बांधलेले मखराचे तुकडे, लहान पोरांची रडारड. अर्धं विरार कोकणाकडे निघालं होतं. मी रजा टाकून घरी होतो. दुपारी काका दारात आले. खाकी शर्टाला आज इस्त्री होती.

"ट्रायलला ये. घाटात काय झालं तर मेकॅनिक बरोबर पाहिजे."

मी वर गेलो आणि दारातच थांबलो. आतल्या खोलीचा पडदा बाजूला सारलेला होता. शेवंतीकाकू बाहेरच्या खोलीत, काकांच्या खुर्चीमागे, खिडकीला लागून बसल्या होत्या. पाठीला उशी. अंगावर जरीकाठाची हिरवी साडी, केसांत वसईच्या बागेतला अबोलीचा गजरा. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यातून नारळाची शेंडी बाहेर आलेली. मला बघून त्यांनी पदर गालावर ओढला. मी घाईघाईने लॅपटॉपकडे बघायला लागलो.

"ये," काका म्हणाले. "कंडक्टर आज आला नाय. तू फॅनवर बस."

"फॅनवर?"

खिडकीशेजारी स्टुलावर टेबलफॅन होता. त्याचं तोंड काकूंकडे. "गाडीने पिकअप घेतला की वाढवायचा. ब्रेक लागला की कमी. मला दोन्ही एकदम नाय जमत."

मी निमूटपणे रेग्युलेटरवर हात ठेवून बसलो.

काकांनी लॅपटॉप उचलला आणि काकूंसमोर धरला. काकूंनी करंड्यातून कुंकू घेतलं. चांगला हात तो डावा, आणि तोही थरथरत होता. बोट झाकणाला लागायच्या आधीच निम्मं कुंकू माझ्या मच्छरदाणीवर सांडलं. काकांनी ते पुसलं नाही. त्यांनी टायर ठोकून पाहिले आणि बसले.

"नालासोपारा... वसई फाटा..."

"सावकाश," मागून काकू म्हणाल्या. "घोडबंदरला धक्के असतात."

पनवेल उजळलं. गाडी निघाली. मी फॅन वाढवला आणि काकूंच्या कपाळावरच्या बटा उडू लागल्या. मग मी आरशाकडे पाहिलं. बसल्या जागेवरून मला त्यात रस्ता दिसत नव्हता, काका दिसत नव्हते; हिरव्या साडीचा काठ तेवढा दिसत होता. काकांच्या खुर्चीतून काय दिसत असेल ते कळायला वाकायची गरज नव्हती.

नको ते मी बोललोच. "काका, तुम्ही तर घरचं माणूस गाडीत घेत नाही ना?"

काकांनी गिअर बदलला. पाटावर पाय दाबला गेला. "आता मागून गाडी येत नाय," ते म्हणाले.

पेणला काकूंनी मूर्तींचे कारखाने शोधले, सापडले नाहीत. माणगावला त्या म्हणाल्या, इथे आम्ही वडे खायचो. "आम्ही म्हणजे कोण?" काकांनी विचारलं. "मी आणि मागच्या गाडीतली माणसं," काकू म्हणाल्या. काकांनी उगाच हॉर्न वाजवला.

पोलादपूर सुटलं. झाडी दाट झाली. लॅपटॉपचा पंखा वर चढू लागला आणि मी वळणं मोजू लागलो. चौथं वळण. पाचवं. चित्र क्षणभर थिजलं. माझा हात रेग्युलेटरवर तसाच, काकांचे पाय दोन्ही पाटांवर. मग झाडं पुन्हा हलली.

"मला घाट लागतो," काकू बारीक आवाजात म्हणाल्या.

रस्त्यावरची नजर न काढता काकांनी एक हात मागे नेला. मुठीत आवळासुपारी होती. तयार ठेवलेली.

घाट उतरला. पंख्याचा आवाजही उतरला. मी मेकॅनिक म्हणून काहीतरी बोलणार होतो, पण कुणाला माझी गरज नव्हती. खेड मागे पडलं आणि एका साध्याशा थांब्यापाशी काकांनी डावा दिवा दाखवून गाडी बाजूला घेतली. पत्र्याची शेड, आत एक बाक, गावाच्या नावाची पाटी नाही. शेडमागून एक कच्चा रस्ता निघून दोन झाडांनंतर संपत होता. पोरांनी तिथपर्यंतच काढला होता.

काकांनी हँडब्रेक ओढला. दार उघडल्याचा आवाज आला. मी फॅन हळूहळू शून्यावर आणला.

"माहेरचा फाटा आला," काका म्हणाले.

काकू बघत राहिल्या. "आंबा कुठाय?"

"नकाशावाल्या पोराला म्हायती नसेल. डाव्या अंगाला आहे समज."

काकूंनी मान हलवली. डाव्या अंगाला आंबा ठेवला असावा. पिशवी छातीशी घेतली. मग, जन्मभर परक्या ड्रायव्हरला विचारत आल्या असतील तसं त्यांनी विचारलं, "परतीची गाडी कधी?"

काकांनी कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

"हीच," ते म्हणाले. "तू जा सावकाश. गाडी उभी आहे."

काकूंनी डोळे मिटले. बहुतेक कच्च्या रस्त्याला लागल्या. काका आरशात बघत बसून राहिले, आणि बराच वेळ कुणी गाडी हलवली नाही.